अंगठा अडकतोय म्हणून भोक मोठं करताय? जरा थांबा

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन वर्षं टेनपिन बॉलिंग खेळतोय, उजव्या हाताने. १४ पाउंडचा स्वतःचा बॉल, फिंगरटिप ग्रिप (दोन बोटांची फक्त पहिली पेरं आत जातात ती). पहिले दोन-तीन फ्रेम, म्हणजे गेममधल्या पाळ्या, बरे जातात, मग अंगठा अडकायला लागतो. बॉल उशिरा सुटतो, हवेतून जाऊन धप्पकन लेनवर आदळतो आणि हेडपिनच्या (सगळ्यात पुढच्या पिनेच्या) डावीकडे निघून जातो. अंगठ्याचं भोक दोनदा घासून मोठं करून घेतलं. आता कधी अडकतो, तर कधी बॅकस्विंगमध्येच, हात मागे जातानाच, बॉल निसटेल असं वाटतं. अंगठ्याच्या टोकाला आणि सांध्याच्या पाठीवर सालं निघाली आहेत. पकड आणि रिलीज कसा सुधारू?

‘दोनदा मोठं करून घेतलं’ या शब्दांत निम्मं उत्तर आलंच आहे. अंगठा अडकला म्हणून भोक मोठं केलंत. भोक मोठं झालं म्हणून बॉल सैल वाटायला लागला. सैल वाटला म्हणून हाताने तुम्हाला न विचारता तो आवळला. आवळला म्हणून पुन्हा अडकला. मी बरीच वर्षं बॉल ड्रिल करतोय, म्हणजे बॉलला भोकं पाडून देतोय, आणि खेळ शिकवतोयही, आणि या चक्रात सापडलेला माणूस दुसऱ्यांदा भोक घासून घ्यायला येतो तेव्हा मी मशीनला हात लावत नाही. आधी त्याचा अंगठा बघतो.

अंगठा अडकायची कारणं मुळात दोन, आणि वरून ती सारखीच दिसतात. एक तर भोक खरोखर घट्ट असतं. किंवा भोक ठीक असतं, कदाचित सैलच असतं, पण आत अंगठा वाकलेला असतो. तुमचं वर्णन सरळसरळ दुसऱ्या प्रकारचं आहे. बोटातली अंगठी काढताना काय होतं आठवा. बोट सरळ असलं तर थोडी कुरकुर करून सांध्यावरून निघते, बोट वाकवून ओढत बसलात तर सात जन्मांत निघणार नाही. अंगठ्याचं तसंच. तो सरळ असेल तर नळीतून काठी निघावी तसा बाहेर येतो. सांध्यात वाकला की टोकाचा मऊ भाग भोकाच्या पुढच्या भिंतीला रुततो, सांध्याची पाठ मागच्या भिंतीला टेकते आणि बुडाशी तिसरा टेकू मिळतो. झाली पाचर पक्की. भोक जितकं मोठं, तितकी आत वाकायला जागा जास्त. म्हणजे घासून तुम्ही पाचरीची सोय वाढवलीत.

सालं नेमकी त्याच दोन जागी निघाली आहेत, टोकाला आणि सांध्याच्या पाठीवर. घट्ट भोकाने अंगठा सोलला असता तर तो सगळीकडून लाल झाला असता, आणि बुडाशी जास्त, कारण जाड भाग तिथेच असतो. अंगठ्यावरच्या खुणा वाचायची सवय लावून घ्या, फुकटचा कोच आहे तो. बुडाशी हलकीशी, गुळगुळीत, जाडसर कातडी असेल तर काही बिघडलेलं नाही, नेमाने खेळणाऱ्या प्रत्येकाला ती येते. बुडाशी तळव्याकडच्या बाजूला ओरखडा किंवा चीर असेल तर स्पॅन (अंगठ्याच्या आणि बोटांच्या भोकांमधलं अंतर) लांब आहे किंवा भोकाची कड धारदार आहे. फक्त एका कडेला सोललं जात असेल तर एकतर भोकाचा आडवा कल चुकलाय, किंवा अंगठा बाहेर यायच्या आधीच तुम्ही मनगट फिरवताय.

आता अंगठा आत का वाकतो, ते पाहू. नुसतं ‘आवळू नका’ असं सांगून कोणाचंही आवळणं थांबलेलं मी पाहिलेलं नाही. सहा-सात किलोची गुळगुळीत वस्तू अंगठ्याच्या आणि दोन बोटांच्या टोकांवर लटकवून तुम्ही ती पाठीमागे कंबरेच्या वर नेता. ती पडेल असं हाताला वाटलं तर तो आवळणारच. ती भीती खरी असेल, म्हणजे बॉल खरोखर नीट बसत नसेल, तर हाताचं बरोबर आहे. म्हणून आधी बॉल दुरुस्त करायचा, मग हात. बरेच जण उलट करतात आणि वर्षभर नुसता सराव करत बसतात.

बॉलमध्ये तपासायचं ते याच क्रमाने: स्पॅन, बोटांची भोकं, मग अंगठ्याच्या भोकाचा कल, मग त्याचं माप आणि सगळ्यात शेवटी कड.

स्पॅन म्हणजे अंगठ्याच्या भोकाच्या आतल्या कडेपासून बोटांच्या भोकांच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर. फिंगरटिपमध्ये मधलं बोट आणि अनामिका पहिल्या पेरापर्यंतच आत जातात, कन्व्हेन्शनल ग्रिपमध्ये दुसऱ्या पेरापर्यंत. बॉल टेबलावर ठेवा, अंगठा पूर्ण बुडापर्यंत घाला आणि बोटं जशी जायची तशी जाऊ द्या. तळवा बॉलवर निवांत टेकला पाहिजे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी तंबूसारखी ताणली गेली तर स्पॅन लांब आहे. तळव्याखाली पोकळी राहून हात कमानीसारखा उठला तर आखूड. लांब स्पॅन सगळे ओळखतात कारण तो दुखतो. आखूड स्पॅन दुखत नाही, म्हणून सुटतो, आणि अंगठा वाकवणारा मोठा गुन्हेगार तोच. तळव्याला बॉलचा आधार मिळाला नाही की हात मुठीसारखा मिटायला लागतो, आणि मूठ मिटायची तर अंगठा वाकल्याशिवाय मिटत नाही. १/८ इंच म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही, पण हाताला लगेच कळतं.

मग बोटं. अंगठ्याच्या तक्रारीत बोटांची भोकं कोणी तपासत नाही, हे मला आजवर न सुटलेलं कोडं आहे. त्या भोकांत रबरी इन्सर्ट, म्हणजे आत बसवलेल्या नळ्या, असतात आणि वापराने ते गुळगुळीत होतात, झिजतात, कडेने फाटतात. दोन वर्षांत एकदाही बदलले नसतील तर आधी ते बदला. बोटं सैल पडली की त्यांच्या वाटणीचं काम अंगठा उचलतो. दुकानात मी एक साधी गोष्ट करून बघतो. बॉल खालून दुसऱ्या हाताने धरायला सांगतो, अंगठा बाहेर काढायला सांगतो, आणि नुसती दोन बोटं आत ठेवून बॉल किंचित हलवायला सांगतो. बोटं आत गोल फिरत असतील, तर अंगठ्याचं भोक कितीही नेमकं असलं तरी उपयोग नाही.

कल, म्हणजे ड्रिलर ज्याला पिच म्हणतात. भोक बॉलच्या मध्याकडे सरळ न जाता थोडं तिरकं पाडलेलं असतं. अंगठ्याचं भोक तळव्याखाली झुकलं तर फॉरवर्ड पिच, अंगठा जास्त वेळ धरून राहतो. तळव्यापासून दूर झुकलं तर रिव्हर्स पिच, अंगठा लवकर सुटतो. ‘अंगठा अडकतो’ म्हटलं की बरेच ड्रिलर रिव्हर्स वाढवतात. ज्याचा अंगठा ताठ आहे, मागे वाकत नाही, किंवा ज्याचा स्पॅन लांब आहे, त्याला त्याचा फायदा होतो. पण आवळणाऱ्याला रिव्हर्स वाढवून देणं म्हणजे घसरत्या माणसाच्या पायाखाली तेल ओतणं. बॉल आणखी निसटेल असं वाटतं, तो आणखी आवळतो. अशा माणसाला मी कित्येकदा उलटं करून दिलंय: रिव्हर्स १/८ इंच कमी केला, भोक एक माप लहान केलं, आणि अडकणं थांबलं. पहिल्यांदा ऐकणारा माझ्याकडे संशयाने बघतो, ते साहजिक आहे.

तुमच्या बॉलचे आकडे काय आहेत ते ड्रिलरकडून लिहून घ्या. स्पॅन, दोन्ही दिशांचे (पुढे-मागे आणि आडवे) पिच, भोकाचं माप. हा कागद बॅगेत असायलाच हवा. पुढे कधीही बदल कराल तेव्हा एकावेळी एकच आकडा बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

भोकाच्या मापाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथेच सगळे गोंधळतात. अंगठा ही ठरावीक मापाची वस्तू नाही. हवा गरम असली, हातात रक्त खेळू लागलं, तीन गेम झाले, की तो फुगतो. थंड, कोरड्या जागी आकसतो. काहींचा खेळताना फुगतो, तर काहींचा उलट बारीक होत जातो. एका बैठकीत दोन्ही अनुभवणारेही आहेत. म्हणजे एकच भोक सगळ्या वेळी बरोबर बसेल ही आशाच चुकीची. भोक तुमच्या सगळ्यात जाड अंगठ्याच्या मापाचं ठेवायचं आणि बाकीच्या वेळी टेपने, म्हणजे भोकात आतून चिकटवायच्या पातळ पट्ट्यांनी, भरून काढायचं. पहिल्या गेमला तीन टेप, तिसऱ्या गेमला एक. टेप चिमट्याने काढता-लावता येते, घासलेलं भोक परत भरता येत नाही. निदान नवीन स्लग बसवल्याशिवाय तरी नाही. स्लग म्हणजे अंगठ्याच्या जागी बसवलेली प्लॅस्टिकची दांडी, तिच्यात भोक पाडतात. तुमच्या बॉलला आता ती बदलून घ्यावी लागेल असं दिसतंय, किंवा चार-पाच टेपवर दिवस काढावे लागतील. माझं मत विचाराल तर नवीन स्लग घ्या.

टेप लावायची ती नखाच्या बाजूला, म्हणजे भोकाच्या मागच्या भिंतीवर. पुढच्या भिंतीवर, अंगठ्याच्या गादीच्या बाजूला, थर चढवत गेलात तर अंगठा बोटांपासून दूर सरकतो आणि स्पॅन नकळत वाढतो. एका थराने काही होत नाही, चार थरांनी होतं. पुढे फारतर एक खरखरीत टेप ठेवा, स्पर्श ओळखीचा राहावा म्हणून. वरची कड भोकाच्या तोंडापासून साधारण पाव इंच खाली राहू द्या, अगदी तोंडाशी लावलीत तर सुटताना कातडी तिच्यात अडकते आणि टेपची कड उलटते. दर वेळी सगळे थर खरवडून नवे लावायची गरज नाही, पण महिन्यातून एकदा लावा, जुना डिंक ओलसर होऊन चिकट बनतो.

माप बरोबर आहे हे कसं कळतं? बॉल टेबलावर ठेवून फक्त अंगठा घाला. आत जाताना सगळीकडून हलका स्पर्श जाणवला पाहिजे, जोर लागता कामा नये. सरळ ठेवून बाहेर काढताना किंचित घर्षण, बस. आता तोच अंगठा आत मुद्दाम वाकवून बघा. सहज वाकला, तर भोक सैल आहे. ही एवढीशी परीक्षा तुम्ही आज घरी केलीत तर बहुतेक तुमचं तुम्हालाच हसू येईल.

कडेबद्दल दोनच वाक्यं. भोकाचं तोंड बोट फिरवल्यावर गोलसर लागावं, टोचू नये. पण उत्साहात फार गोल करू नका, कारण धरायला जी भिंत असते तीच कमी होते.

भाड्याच्या, रॅकवरच्या बॉलने खेळणाऱ्यांसाठी जाता जाता: तिथे हलक्या बॉलला लहान भोकं आणि जड बॉलला मोठी भोकं असतात, कारण हलका बॉल मुलं उचलतील असं गृहीत धरलेलं असतं. म्हणून जाड अंगठ्याचा माणूस हलका बॉल घेतो आणि अडकतो. रॅकवर आधी अंगठ्याचं भोक बघा, मग वजन.

आता हात. बॉल दुरुस्त झाल्यावरही आवळायची सवय लगेच जात नाही, हात दोन वर्षांचं विसरत नाही. पण आता त्याला विसरायला कारण मिळालेलं असतं.

अंगठ्याचं काम काय, हे एकदा नीट समजून घ्या. तो बॉल धरत नाही, बॉल त्याच्यावर टांगलेला असतो. जड पिशवी हात खाली सोडून नेतो तेव्हा बोटं आकड्यासारखी असतात, मूठ आवळलेली नसते. बॉल तसा न्यायचा. रिलीजच्या क्षणी अंगठा आधी बाहेर येतो आणि त्यानंतरच्या क्षणभरात सगळं वजन दोन बोटांवर येतं. बॉलला फिरकी मिळते ती त्या क्षणभरात. अंगठा आणि बोटं एकदम सुटली तर फिरकी मरते. अंगठा बोटांनंतर सुटला तर तुमचं होतं ते होतं: हात वर जात असताना बॉल अजून अंगठ्याला लटकलेला, म्हणून तो हवेत जातो, आणि त्याला सोडवायला खांदा आत ओढला जातो, म्हणून डावीकडे. फाउल लाइनपासून (जिच्यापुढे पाय टाकायचा नसतो त्या रेषेपासून) हेडपिन ६० फुटांवर आहे. दिशेत एका अंशाचा फरक पडला तरी सरळ रेषेत तो तिथवर सुमारे एक फूट होतो, म्हणजे अकरा-बारा फळ्या. लेन एकूण ३९ फळ्यांची. अंगठा क्षणभर उशिरा सुटण्याची किंमत एवढी आहे.

तेव्हा बॉल सोडायचा प्रयत्न करू नका. ‘आता सोडतो’ असं ठरवून अंगठा उघडणारे कधी लवकर उघडतात, कधी उशिरा. पकडीचा दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा हलका असला तर बॉल घोट्याजवळून, झोक्याच्या तळातून पुढे जाताना वजनाने आपोआप अंगठ्यावरून उतरतो. दाबाला दहापैकी गुण द्यायला मी सांगतो. स्टान्समध्ये उभं राहिल्यावर तीन असावा. बहुतेकांचा तिथे तीनच असतो. मग बॅकस्विंगच्या टोकाला गुपचूप सात होतो. बॉल तिथे क्षणभर थांबतो, हाताला तो मागे पडतोय असं वाटतं, आणि तिथेच अंगठा वाकतो. रिलीजला दिसणारी चूक अर्धा सेकंद आधी, पाठीमागे झालेली असते. म्हणून व्हिडिओ काढाल तर रिलीजपेक्षा बॅकस्विंगचं टोक आधी बघा. मनगट तिथे मागे मोडलेलं दिसलं किंवा हाताच्या शिरा ताणलेल्या दिसल्या, तर मिळाला चोर.

बॅकस्विंगला आवळायची आणखी दोन कारणं असू शकतात. एक, बॅकस्विंग तुमच्या ताकदीच्या बाहेर उंच चाललाय. बॉल खांद्याच्या वर न्यायची कोणी सक्ती केलेली नाही. कंबरेइतका झोका पुरतो, वेग पायांतून आणा. दुसरं कारण टायमिंग. चार पावलांच्या अप्रोचमध्ये, म्हणजे फाउल लाइनपर्यंतच्या चालीत, बॉल पहिल्या पावलाबरोबर पुढे ढकलायचा असतो, पाच पावलांच्यात दुसऱ्या पावलाबरोबर. बॉल त्याआधी निघाला तर तो तुमच्या आधी फाउल लाइनवर पोहोचतो, डावा पाय अजून घसरतच असतो, आणि हात बॉलला ‘थांब जरा’ म्हणून धरून ठेवतो. हेही आवळणंच. असं असेल तर अंगठ्याला दोष देऊन काय उपयोग? बॉल ढकलायचा क्षण हलवा, अंगठा स्वतःच सुधारतो.

हाताची दिशा. बॉलकडे वरून बघताय असं समजा आणि पिनांच्या बाजूला बारा वाजलेत असं धरा. उजव्या हाताच्या माणसाचा अंगठा सुटताना दहा ते अकराच्या दरम्यान असावा, हात बॉलच्या मागे आणि थोडा खाली. अंगठा सुटेपर्यंत मनगट फिरवायचं नाही, फिरणं होतं ते त्याच्यानंतर, बोटांनी. अंगठा नऊवर गेला आणि अजून आतच असला, तर तो कडेला घासतो आणि हात बॉलच्या वर चढतो. मग कितीही वळवलं तरी बॉल लोळत जातो, वळत नाही. हात बॉलवरून घालून जोरात ‘वळवणं’ हा नवख्यांचा सगळ्यात आवडता उद्योग. टीव्हीवर फिरकी दिसते, हात फिरलेला दिसतो, मग माणूस हात फिरवतो. तिथे अंगठा आधीच बाहेर आलेला असतो, ते वेगामुळे दिसत नाही.

सरावाचं बोलू. मी तीनच गोष्टी देतो आणि त्या पिनांकडे न बघता करायला सांगतो, कारण स्कोअर दिसला की अंगठा आवळतो.

पहिली घरी, सोफ्यापुढे उभं राहून. बॉल हातात घेऊन हात खाली सोडा, गादीच्या जेमतेम वीतभर वर. दुसरा हात बॉलखाली तयार. आता अंगठा उघडायचा नाही, फक्त हाताचा सगळा ताण सोडून द्या, खांद्यापासून. बॉल अंगठ्यावरून घसरून गादीवर पडला पाहिजे, आणि बोटं एक क्षण उशिरा सुटली पाहिजेत. तो ‘आधी अंगठा, मग बोटं’ असा दोन तुकड्यांतला स्पर्श ओळखा. एकदा ओळखला की लेनवर तोच शोधायचा. बॉल हातालाच चिकटून राहिला तर अंगठा वाकलेला आहे किंवा भोक घट्ट आहे. दोन्हींतलं कोणतं, ते वरच्या टेबलाच्या परीक्षेने कळेल. पाय मात्र बाजूला ठेवा. सांगायला नको, पण सांगतो.

दुसरी लेनवर, गुडघ्यावर बसून. चालत येतो त्या जागेवर, फाउल लाइनच्या मागे, उजवा गुडघा टेका, डावा पाय पुढे. शक्य असेल तर दोन-तीन पाउंडांनी हलका बॉल घ्या. झोका पुढे-मागे दोनदा द्या आणि तिसऱ्यांदा डाव्या घोट्याजवळून जाऊ द्या. इथे पाय नाहीत, वेग नाही, म्हणून हाताकडे लक्ष जातं. बॉल फाउल लाइनच्या पुढे एक-दीड फुटावर, आवाज न करता टेकला तर अंगठा वेळेवर सुटला. धप्प झालं तर उशिरा. लाइनच्या अलीकडे पडला तर लवकर. कान उघडे ठेवून खेळा, कोचलाही बहुतेक गोष्टी पाठमोरं उभं राहून कळतात त्या आवाजावरून. एका बैठकीत असे पंधरा-वीस टाका, जास्त नको. हलका बॉल भाड्याचा असेल तर त्याचं भोक तुमच्यासारखं नसणार, म्हणून यात अंगठ्याच्या स्पर्शापेक्षा वेळ आणि जागा बघायची.

तिसरी, अंगठा न घालता टाकायची. दोन बोटं आत, अंगठा बाहेर भोकाशेजारी टेकलेला, बॉल मनगटाच्या कपात. दोन-तीन पावलं, हळू. अंगठा आधीच बाहेर असल्यावर बोटांना काय वाटतं ते यातून कळतं, आणि तीच जाणीव अंगठा घालून आणायची आहे. हे फक्त सरावापुरतं. स्पर्धेत अंगठ्याचं भोक असलेला बॉल असा टाकता येत नाही. यूएसबीसी या अमेरिकेच्या बॉलिंग संघटनेच्या नियमाप्रमाणे न वापरलेलं अंगठ्याचं भोक बॅलन्स होल (बॉलच्या वजनाचा तोल बदलायला पाडलेलं जादा भोक) धरलं जातं, आणि बॅलन्स होल १ ऑगस्ट २०२० पासून बंद आहेत. ऑस्ट्रेलियाच्या जेसन बेलमॉन्टीसारखे दोन हातांनी, अंगठ्याशिवाय खेळणारे खेळाडू बघून ‘मग अंगठाच कशाला’ असं काही जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण त्या पद्धतीत दुसरा हात जवळजवळ शेवटपर्यंत बॉलवर असतो, पाठ आणि कंबर वेगळी वापरली जाते, आणि ती वेगळी विद्या आहे. अंगठा अडकतो म्हणून ती पत्करू नका, आवडली तर शिका.

फोनचा स्लो मोशन व्हिडिओ बाजूने काढा, कंबरेच्या उंचीवरून, फाउल लाइनच्या रेषेत. एकच चित्र शोधायचंय: बॉल डाव्या बुटाच्या नाड्यांपाशी असताना अंगठा दिसायला लागला का? बॉल गुडघ्याएवढा वर आल्यावर दिसत असेल तर उशीर आहे. आणि बॉल सुटल्यावर अंगठ्याकडे बघा. सरळ, सैल असेल तर उत्तम. मूठ मिटलेली असेल तर तो आतही मिटलेलाच होता.

हाताचा घाम हा वेगळा विषय नाही, याच विषयाचा भाग आहे. ओला अंगठा कधी चिकटतो, कधी घसरतो, आणि आज काय होईल याची खात्री नसली की हात आवळतो. प्रत्येक फेकीआधी टॉवेलने बॉलवरचं तेल आणि हात दोन्ही पुसा, पावडरची पुरचुंडी वापरा, पण पावडर भोकात ओतू नका. अंगठ्यावर लावायची संरक्षक कापडी टेपही मिळते. दर वेळी तेवढीच, त्याच जागी लावलीत तर अंगठ्याचं माप दिवसभर बरंच स्थिर राहतं. मी स्वतः ती लावूनच खेळतो. फोड फुटलेला असताना त्यावर लावून पुढे खेळायला मात्र ती नाही. कातडी भरेपर्यंत थांबा, नाहीतर दुखऱ्या जागेला वाचवायला अंगठा नवा वाकडेपणा शिकेल.

एक इशारा द्यायलाच हवा, कारण मी स्वतः त्यातून गेलोय. माझ्या पहिल्या बॉलचा स्पॅन लांब होता आणि ज्याने ड्रिल केला तो म्हणाला, सवय होईल. सहा महिन्यांनी अंगठ्याची तर्जनीकडची कड मुंग्या आल्यासारखी बधिर राहायला लागली आणि बुडाशी हरभऱ्याएवढी गाठ लागायला लागली. त्या कडेने एक मज्जातंतू जातो. भोकाची कड त्यावर पुन्हा पुन्हा दाबली गेली की त्याच्याभोवती जाड ऊतक तयार होतं. डॉक्टर याला चक्क ‘बोलर्स थंब’ म्हणतात. दुखणं आणि बधिरपणा यांतला फरक ओळखा. सालं निघाली तर आठवडाभर थांबून चालतं. बधिरपणा, मुंग्या किंवा गाठ असेल तर खेळ बंद, हात तज्ज्ञाला दाखवा, आणि बरं झाल्यावरही जुन्याच भोकात अंगठा घालू नका. मी तेव्हा तीन महिने बाहेर होतो आणि परतलो तो नव्याने ड्रिल केलेला बॉल घेऊन.

आता तुमच्यापुरतं. सालं भरू द्या, तोवर सोफ्याचा सराव रिकाम्या हाताने, नुसता ताण सोडण्याचा करा. ड्रिलरकडे जाऊन स्पॅन तपासून घ्या, इन्सर्ट बदला, नवीन स्लग बसवून भोक एक माप लहान करून घ्या आणि पिचचे आकडे लिहून आणा. रिव्हर्स १/४ इंचाच्या आसपास किंवा त्याहून जास्त निघाला आणि तुमचा अंगठा मागे चांगला वाकत असेल, तर तो कमी करायला सांगा. पहिले दोन आठवडे बॉल घट्ट वाटेल. वाटू द्या. टेबलाची परीक्षा पास होत असेल तर तो घट्ट नाही, तुम्हाला सैलाची सवय झालीये. पाचव्या-सहाव्या फ्रेमला अंगठा फुगून खरंच जड जायला लागला तर चिमट्याने एक टेप काढा, आणि कितव्या फ्रेमला काढली ते लिहून ठेवा. तीन-चार बैठकींनंतर तो आकडा जवळजवळ तोच येतो, आणि मग तुम्ही अडकायच्या एक फ्रेम आधीच टेप काढायला लागता.